आईच्या मांडीचं माप

ओझरच्या विमान कारखान्यात मी टूलरूमला फिटर होतो. नोकरीला लागलो तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं आणि निवृत्त झालो तेव्हा टक्कल पडलेलं होतं; मधला सगळा काळ एकाच हॉलमध्ये गेला. एखादा भाग घडवताना तो हलू नये म्हणून त्याला घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडी लागतात, त्या आम्ही बनवायचो. केसाएवढा फरकही माझ्या बोटांना कळायचा, आणि हे मी चारचौघांत सांगतही असे. घरात मात्र त्याचं कौतुक नव्हतं. "यांना पोळी अशी गोल लागते, की मी लाटून झाल्यावर वरून डबा फिरवते," असं बायको आल्यागेल्याला सांगायची. आणि ती खरंच डबा फिरवायची.

नाशकात आमच्या खालच्या मजल्यावर एक सिस्टर राहायच्या. हॉस्पिटलातली चांगली नोकरी सोडून त्यांनी वेगळंच काम धरलं होतं. ज्या मुलांचा आजार आता बरा होणार नाही असं सगळीकडून सांगून झालेलं असायचं, त्यांच्या घरी त्या जायच्या. दुखणं कमी करायचं औषध द्यायचं, जखमा धुवायच्या, पोराला कसं उचलायचं, कसं भरवायचं ते आईबापांना शिकवायचं. दोन डॉक्टर त्यांच्या पाठीशी होते, पण दारोदार फिरणाऱ्या या एकट्याच. या कामाला मराठीत काय म्हणतात, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "लोक म्हणतात, सिस्टर येऊन बसतात."

खरं सांगतो, मला ते काम पटत नव्हतं. हातात आलेला जो जॉब दुरुस्तच होणार नाही, त्याच्यावर हात कशाला चालवायचा? माझी अक्कल तेवढीच, आणि तोंड तिच्यापेक्षा मोठं, त्यामुळे हे मी त्यांना जिन्यात उभं राहून ऐकवलंही होतं. त्या नुसत्या हसल्या आणि मोपेडला किक मारून गेल्या. त्यांच्या जागी मी असतो तर चार शब्द सुनावल्याशिवाय हललो नसतो.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. संक्रांतीनंतरचा रविवार होता. सिस्टर वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, एक खुर्ची करून द्याल?"

प्रत्येक मुलाला त्या एक प्रश्न विचारायच्या, तुला काय पाहिजे? कोणी सायकल मागायचं, कोणी कुत्र्याचं पिल्लू. एकाने हत्ती मागितला होता, आणि या बाईंनी पंचवटीत साधूंबरोबर आलेला हत्ती त्याच्या दारापर्यंत नेलाही होता. सायखेड्याला एक दहा वर्षांची मुलगी होती. पाठीच्या मणक्यात गाठ. मुंबईचे सगळे उपचार करून झाले होते आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. पायांतली शक्ती गेली होती, हात चांगले होते. तिलाही सिस्टरांनी तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "माझ्या आईला आडवं होऊन झोपायला मिळालं पाहिजे."

प्रकार असा होता. मुलीला गादीवर टेकवलं की पाठीतून कळ उठायची. उशा लावून बसवलं तरी तेच. औषधाने दुखणं बरंच आटोक्यात होतं, पण तेसुद्धा ती एका ठिकाणी असली तरच, आणि ते ठिकाण म्हणजे आईची मांडी. दसऱ्यापासून ती बाई भिंतीला टेकून, लेकीला मांडीवर घेऊन बसलेली होती. झोपायची ती बसूनच. आंघोळीपुरती, जेवणापुरती उठायची, तेवढ्या वेळात पोर ओठ चावून पडून राहायची. आईच्या पायांना सूज आली होती. "ती मांडी धरते तसं धरणारी खुर्ची पाहिजे," सिस्टर म्हणाल्या. "धरून ठेवायचंच तर काम आहे तुमचं."

यावर नाही कसं म्हणणार? मी टेप आणि वही घेतली आणि सिस्टरांच्या मोपेडवर मागे बसलो. बायको गॅलरीतून बघून पदराआड हसत होती.

घर गोदावरीच्या अंगाला, गावाच्या कडेला होतं. आतल्या खोलीत आई भिंतीशी बसलेली आणि मांडीवर मुलगी. डोक्यावर केस नुकते बारीक उगवलेले, डोळे मोठे आणि फार चौकस. तिने आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सिस्टरांना विचारलं, "हे विमान बनिवत्यात?" घरातली म्हातारी, म्हणजे मुलीच्या बापाची आत्या, दाराशी लसूण सोलत होती. आईला खुर्ची नकोच होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी म्हटलं, जरा एक मिनिट खाली निजवा, उंची घेतो. आईने तिला सतरंजीवर ठेवलं. मी खिशातून स्टीलची टेप काढली, एक टोक तिच्या डोक्याशी धरलं आणि टेप तळव्यापर्यंत ओढली. कारखान्यात ओढतो तशीच, खर्रकन.

म्हातारी किंचाळली. लसणाचं सूप उडालं. "काय करतोस रं मुडद्या! निजल्या लेकराचं माप घेतोस?"

मला आधी काही कळेना. मग सिस्टरांचं तोंड पाहिलं आणि डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्याकडे निजलेल्या माणसाचं डोक्यापासून पायापर्यंत माप घेत नाहीत. ते एकदाच घेतात, तिरडीचे बांबू तोडायला. आईने मुलीला उचलून छातीशी धरलं होतं आणि ती माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती मी अजून विसरलेलो नाही. चूक माझी होती, पण चूक कळली की मला अधिकच राग येतो. "मापच नाही तर खुर्ची काय हवेत बनवू?" असं मी ओरडलो. त्या घरात, त्या मुलीसमोर. सिस्टरांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

घरी आल्यावर मी हट्टाला पेटलो. शेजाऱ्यांची मुलगी पाचवीत होती, तिच्या अंगाची मापं घेतली. सातपूरला एका मित्राची वेल्डिंगची शेड होती, तिथे सुट्टीच्या दिवशी बसून खुर्ची केली. काय खुर्ची झाली होती! पाइप एकसारखे वाकवलेले, डावी बाजू उजव्या बाजूची तंतोतंत जोड, पाठ मागे कललेली, फोमवर निळं रेक्झिन. काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहावा तर कुठे फट दिसत नव्हती. मित्र म्हणाला, साहेबाला बसवायला पाहिजे हिच्यात.

तिसऱ्या रविवारी ती टेम्पोतून सायखेड्याला नेली. म्हातारीने मला पाहून तोंड फिरवलं. आईने मुलीला अलगद खुर्चीत ठेवलं. मुलगी माझ्याकडे बघून हसली. "लय भारी हाय काका. विमानावानी."

मी फुलून गेलो. मागचा सगळा अपमान धुऊन निघाल्यासारखं वाटलं. रेक्झिनचा रंग, पाइपांचं पॉलिश यांच्याबद्दल मी सांगायला लागलो. सिस्टर माझं ऐकत नव्हत्या. त्या खाली वाकल्या आणि मुलीची मूठ त्यांनी एकेक बोट सोडवून उघडली. तळहातावर नखांचे चार चंद्र उमटले होते, एकातून रक्त आलं होतं.

"खरं सांग," सिस्टर म्हणाल्या.

"काका एवढ्या लांबून आलं ना," ती म्हणाली, आणि मग कळ तिला सोसवेना.

आईने तिला झटकन उचलून मांडीवर घेतलं. मी कोपऱ्यात उभा होतो. ज्या पोरीला बोट टेकलं तरी कळ येत होती, ती माझं मन राखायला त्या माझ्या काटकोनात बसून राहिली होती. मला माझी इतकी लाज वाटली की कुठे बघावं ते कळेना. मी खुर्ची उचलून बाहेर नेऊन ठेवली. परत फिरलो तर आई पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"भाऊ, तिचं माप नका घेऊ. माझं घ्या."

तीस वर्षं पकडी बनवणाऱ्याला हे सुचायला नको होतं? पकड जर आधीच तयार आहे आणि ती बिनचूक काम करते आहे, तर माप तिचंच घ्यायचं. मी मात्र पकडीतल्या वस्तूकडेच बघत बसलो होतो.

पण परक्या बाईच्या मांडीचं माप मी घेणार कसं? ते सिस्टरांनी सोडवलं. पुढच्या खेपेला मी शिशाची जाड तार नेली. शिशाची तार जशी दाबाल तशी वाकते आणि वाकलेलीच राहते. वेड्यावाकड्या भागाचा आकार उचलायला आम्ही ती वापरायचो. मी दाराकडे तोंड करून बसलो आणि नुसतं सांगत राहिलो. सिस्टर तार आईच्या अंगावरून लुगड्यासकट दाबत गेल्या, आधी उभा गुडघा, मग मांडी, मग दंड. तारेचं एक टोक धरायला कोणी नव्हतं, तर म्हातारी पुढे आली. "बाईमाणसाचं माप घ्यायला काय व्हतंय," असं स्वतःशीच बोलत तिने ते धरलं. सिस्टर तार न हलवता माझ्या हातात द्यायच्या आणि मी ती खाकी कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारायचो. अशा अकरा रेघा झाल्या.

त्या कागदांवर एकही काटकोन नव्हता. डावा पाय दुमडलेला, त्याच्या खोबणीत पोरीची कंबर. उजवा गुडघा उभा, त्या मांडीवर पाठ, पण सरळ नाही, तिरकी. डोकं उजव्या दंडावर, पाय डाव्या पोटरीवरून पलीकडे. जिथे मणका दुखत होता, नेमकी तिथे मांडी पोरीच्या पाठीपासून दोन बोटं लांब राहत होती. खाली आधार, वर आधार आणि मधे मोकळी जागा. हे कोणी शिकवलं असेल हिला? कोणी नाही. चार महिन्यांत पोरीच्या कण्हण्यावरून ती शिकली होती, आणि आपण काही शिकलो हेही तिला ठाऊक नव्हतं.

"अजून एक काम करा," सिस्टर मला म्हणाल्या. "आता इकडे वळा आणि नुसते बघत बसा."

मी तासभर बघत बसलो. मुलगी शाळा-शाळा खेळत होती. म्हातारीला तिने पाढे म्हणायला लावले होते आणि म्हातारी तेराच्या पाढ्यात अडकली होती. आणि मग मला दिसलं. आईचा उजवा गुडघा खाली आला, अगदी थोडा. काही वेळाने वर गेला. मग जरासा डावीकडे. मी घड्याळ लावलं. कधी चार मिनिटांनी, कधी सहा, कधी दोनच. मुलीच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती मजेत म्हातारीला रागावत होती.

"गुडघा का हलवलात आत्ता?" मी विचारलं.

"हलिवला व्हय?" आई म्हणाली.

तिला खरंच माहीत नव्हतं. सिस्टर हळूच म्हणाल्या, "दुखायच्या आधी पोरीचा श्वास बदलतो. यांच्या पोटाला तो लागतो. यांना कळायच्या आधी यांच्या पायाला कळतं."

मी आयुष्यभर मोठमोठी यंत्रं पाहिली होती. परदेशातून आलेली, काचेच्या खोलीत ठेवलेली, ज्यांना हात लावायला साहेबाची परवानगी लागायची. त्यांच्यातल्या एकालाही अजून न झालेली चूक आधी कळत नव्हती. इथे शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसलेली, पाय सुजलेली, डोळे तारवटलेली एक बाई ते दिवसरात्र करत होती आणि वर म्हणत होती, हलिवला व्हय? देवळात माझे हात आपसूक कधी जुळले नव्हते, तिथे जुळले. म्हातारीने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

आता हे लोखंडात कसं आणायचं? आकार आणता येईल, पण न सांगता हलणारा गुडघा कुठून आणू? आठ दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. कारखान्यातही लक्ष नव्हतं. शेवटी वाटलं, आईला जे कळतं ते आधी कोणाला कळत असेल? पोरीलाच. तर मग गुडघा तिच्याच हातात द्यावा. उजव्या मांडीच्या जागी मी जो आधार केला त्याखाली एक स्क्रू बसवला आणि त्याचं छोटं चाक डाव्या हाताशी आणलं. चाक फिरवलं की आधार वर-खाली. आटे असे कापले, की करंगळीनेही फिरावं आणि सोडलं की आपोआप घसरू नये. पाइपांवर पट्ट्या कागदावरच्या रेघांप्रमाणे वाकवल्या. त्यांच्यावर नवार विणली, पाठीच्या दुखऱ्या जागी विणलीच नाही.

खुर्ची बघून मित्र म्हणाला, अपघातात सापडली का रे? तशीच दिसत होती. मी ती घरी आणली. बायको आधी हसली. मग तिने खुर्चीभोवती एक फेरी मारली. "आपली धाकटी गोवरात तापली होती, तेव्हा मी अशीच बसले होते," ती म्हणाली. "तुमची सेकंड शिफ्ट होती." एवढंच बोलून ती आत गेली आणि आपल्या जुन्या मऊ लुगड्यांची गोधडी घेऊन आली. दोन दिवस बसून तिने ती खुर्चीच्या आकाराला बेतून शिवली.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा जेवणं झाली होती. आईने मुलीला खुर्चीत ठेवलं आणि हात काढले नाहीत. मी या वेळी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, मुठींकडे पाहत राहिलो. मुठी उघड्याच होत्या. मी आधीच दाखवलेल्या चाकापाशी डावा हात गेला. अर्धा फेरा. थांबली. पाव फेरा उलटा.

"हां," ती म्हणाली. मग, "आई, हात काढ."

"असू दे," आई म्हणाली.

"काढ म्हणते ना. आणि तू निज."

"मला नाय झोप येत दिवसा."

"वर्गात उलट बोलायचं नाय," मुलगी म्हणाली.

आईने सिस्टरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तिने खुर्चीजवळच सतरंजी ओढली आणि आधी बसली, मग हळूहळू आडवी झाली. पाय लांब करताना तिचे गुडघे वाजले, ते सगळ्यांना ऐकू आले. पदर नीट करायला तिने हात उचलला तो तसाच छातीवर राहिला. तिला झोप लागली होती.

मुलीने ओठांवर बोट ठेवलं. कोणी हललं नाही. तेवढ्यात बाप शेतातून आला. बायको जमिनीवर आडवी पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. कित्येक महिन्यांत त्याने तिला तशी पाहिली नव्हती. मग त्याला मुलीचं बोट दिसलं. तो दारातच उकिडवा बसला आणि त्याने पायातल्या वहाणा काढून हातात धरल्या, आवाज होऊ नये म्हणून.

मुलगी आईकडे बघत होती. झोपवलेल्या लेकराकडे बघतात तशी. एकदा ती माझ्याकडे वळून कुजबुजली, "किती घोरती बघा!" आणि तिला आवरेना इतकं हसू आलं. मधूनमधून तिचा श्वास अडखळायचा, हात चाकावर जायचा, थोडं फिरायचं, पुन्हा नजर आईवर. औषधाच्या वेळेला सिस्टरांनी चमचा पुढे केला तो तिने न बोलता घेतला. आई दोन तासांच्या वर झोपली. मी आतापर्यंत पाहिलेल्या माणसांत त्या दुपारी ती पोर सगळ्यांत मोठी होती, आणि हे लिहितानाही मला दुसरा शब्द सापडत नाही. त्या संध्याकाळी मोपेडवर मागे बसून मी सिस्टरांची माफी मागितली. जिन्यातल्या त्या बोलण्याची. त्या म्हणाल्या, "कुठलं बोलणं?"

त्यानंतर पाच-सहा आठवडे हा नेम झाला. सिस्टर येऊन सांगायच्या. जेवण झालं की मुलगी आईला हुकूम सोडायची, निज. कधी आई आढेवेढे घ्यायची, तर तिला पाढे म्हणायची शिक्षा व्हायची. आईच्या पायांची सूज उतरली. दोनदा मी चाकाला तेल घालायला जाऊन आलो. दुसऱ्या वेळी पोर फार वाळली होती, चाक फिरवताना दोन्ही हात लावत होती, पण मला फिरवू दिलं नाही.

चैत्रात ती गेली. मी चौथ्या दिवशी भेटायला गेलो. आई भिंतीशी बसली होती. मी म्हटलं, त्रास नाही ना झाला फार? शेवटी खुर्चीत होती का?

"नाय भाऊ," ती म्हणाली. "त्या दिवशी जेवण झालं, औषध झालं. मी आपली रोजच्यावानी सतरंजी ओढली. रोज मला निजवायची ना. तर म्हणली, आई, आज नको निजू. आज मला घे."

तिने मांडीवरून एकदा हात फिरवला.

"मग घेतली. दिवस मावळेपर्यंत घेऊन बसले होते."